ऐन हिवाळ्यात बर्फावरून गरवताना: मिनेसोटातले पॅनफिश आणि वॉलआय

डिसेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली लहान तळी गोठतात तेव्हा मासे सहज लागतात. बर्फ नवा, काळसर, आरपार दिसणारा असतो. किनाऱ्याच्या आडोशाला आठ-दहा फूट पाण्यात गवत अजून हिरवं असतं आणि ब्लूगिल त्याच गवतात चरत असतात. जानेवारीच्या मध्यापर्यंत हा बर्फ दीड-दोन फूट जाड होतो, त्यावरून ट्रक फिरू लागतात. मग त्याच जागी, त्याच भोकांत गरी सोडून तासन्‌तास बसलं तरी काही हलत नाही. लोक थंडीला दोष देतात. मासा थंडीने मंदावतो हे खरं, पण जागा सोडून तो जातो त्याचं कारण बहुतेक वेळा बर्फावर साचलेल्या स्नोमध्ये असतं.

इथे गोठलेल्या पाण्याला बर्फ आणि आभाळातून पडणाऱ्याला स्नो म्हटलंय. मराठीत दोन्हीला बर्फच म्हणून भागतं, तळ्यावर मात्र हा फरक जिवाचा आहे. पॅनफिश म्हणजे तव्यात अख्खे मावणारे मासे: ब्लूगिल, क्रॅपी, यलो पर्च. वॉलआय हा त्यांच्याहून मोठा, शिकारी मासा. क्रॅपीला इथली मंडळी ‘क्रॉपी’ म्हणतात, दुकानात तसंच विचारा. आणि कोकणात गरीने मासे धरण्याला गरवणं म्हणतात, तो शब्द इथे जसाच्या तसा चालतो.

तळं गोठलं की हवेतला ऑक्सिजन पाण्यात येण्याची वाट बंद होते. पाण्यात आधीपासून असलेला साठा आणि पाणवनस्पती उजेडात जो बनवतील तो, एवढ्यावर सगळा हिवाळा काढायचा असतो. स्वच्छ बर्फातून उजेड बराच खाली जातो. त्यावर फूटभर स्नो बसला की खाली अंधार होतो, गवत मरतं, कुजू लागतं, आणि कुजताना आहे तो ऑक्सिजनही खातं. उथळ, गवताळ जागी पाणी मुळात थोडं, त्यामुळे तिथला साठा सगळ्यात आधी संपतो. काही उथळ तळ्यांत हे इतकं टोकाला जातं की वसंतात बर्फ वितळल्यावर मेलेल्या माशांचा खच किनाऱ्याला लागतो. त्याला विंटरकिल म्हणतात.

हे बर्फावर उभं राहूनच ओळखता येतं. भोक पाडल्यावर वर आलेल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास आला तर तिथे थांबू नका. गरीला गवत अडकून आलं तर ते बोटांत धरून बघा. हिरवं, कडक, तोडताना कुरकुरणारं असेल तर आसपास ब्लूगिल असू शकतात, मग जानेवारी असो की फेब्रुवारी. तपकिरी, बुळबुळीत, हाताला चिकटणारं असेल तर त्या भागात वेळ घालवू नका.

मग मासे जातात कुठे? पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. म्हणून हिवाळ्यात बर्फालगतचं पाणी शून्याजवळ आणि तळाचं त्याहून थोडं उबदार राहतं. पॅनफिश उथळ गवत सोडून जवळच्या खोलगट भागात उतरतात. तळ्याच्या खोलीच्या नकाशात २० ते ३५ फुटांचा, मऊ गाळाचा असा खोलगा शोधा, आणि तोही डिसेंबरात जिथे मासे लागत होते त्या गवताला लागून असलेला. तळ्यातली सगळ्यात खोल, ६०-७० फुटांची जागा बघून तिकडे धावण्यात अर्थ नाही. गाळात चिलटांसारख्या कीटकांच्या अळ्या असतात, लाल रंगाच्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या लांब. तेच ब्लूगिल आणि पर्च यांचं हिवाळी अन्न. दुसऱ्या एका चिलटाची अळी जवळजवळ पारदर्शक असते. ती दिवसा गाळात लपते आणि अंधार पडू लागला की वर पाण्यात चढते. संध्याकाळी क्रॅपी तळ सोडून वर येतात त्यामागे हीच चढती अळी आणि तिच्याबरोबरचे सूक्ष्म जीव असतात. अळीच्या अंगात हवेच्या पिशव्या असल्याने सोनारवरही (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) ती दिसते. तळापासून हळूहळू वर सरकणारा धुरकट पट्टा दिसला की मशीन बिघडलंय असं समजून बटणं फिरवत बसू नका.

फेब्रुवारीत आणखी एक बदल होतो. खोलग्यातही ऑक्सिजन तळाकडून संपत येतो, कारण कुजण्याचं काम गाळात चालतं. मग क्रॅपी तळ सोडून मधल्याच पाण्यात तरंगत राहतात, ३० फूट पाण्यात १५ फुटांवरसुद्धा. जो माणूस सवयीने गरी तळाला टेकवून बसतो, त्याच्या डोक्यावरून थवे निघून जातात.

म्हणून ऐन हिवाळ्यात एका भोकावर बसून राहणं ही सगळ्यात मोठी चूक. खोलग्याच्या कडेपासून मध्याकडे, पंधरा-वीस पावलांच्या अंतराने दहा-बारा भोकं आधीच पाडून घ्या. ऑगरचा, म्हणजे बर्फाला भोक पाडणाऱ्या गिरमिटाचा, आवाज एकदाच होतो, नंतर पाणी शांत होतं. मग सोनार घेऊन एकेका भोकावर दोन-तीन मिनिटं थांबा. पडद्यावर काही नसेल तर उठा. पॅनफिशला ६ इंची भोक पुरतं, वॉलआयही हवा असेल तर ८ इंची. गरवण्यासाठी त्याहून मोठ्या भोकाची गरज नसते. हल्ली बॅटरीच्या ड्रिलला जोडायचे ऑगर बरेच जण वापरतात. ते हलके असतात, पण ड्रिलचा चक (ऑगर धरणारी पकड) सैल झाला तर ऑगर सरळ तळाशी जातो, म्हणून भोकात जाणार नाही अशी मोठी चकती वर बसवलेलीच असावी. पातं बोथट झालं की ऑगर बर्फ कापत नाही, नुसता घासतो, आणि कापलेल्या बर्फाच्या कपच्यांऐवजी पीठ वर येतं. पीठ दिसलं की पातं बदला, जोर लावू नका.

ब्लूगिलसाठी साहित्य नाजूक लागतं. २४ ते ३० इंचांची अगदी हलकी काठी, २ किंवा ३ पाउंडांचा ताण पेलणारी दोरी, ३ ते ५ मिलिमीटरचा टंगस्टन जिग (वजन जडवलेली गरी). टंगस्टन शिशाहून बराच जड धातू आहे, म्हणून तेवढ्याच वजनाचा जिग आकाराने लहान होतो आणि २५ फूट खाली लवकर पोचतो. आमिष म्हणून मॅगट, म्हणजे माशीच्या अळ्या, एका गरीला दोन. अळीच्या बोथट टोकाच्या सालीतून गरीचं टोक जेमतेम पार करायचं, मधोमध भोसकायचं नाही. अळी पोकळ होऊन नुसती साल उरली की बदलायची. डबी आतल्या खिशात ठेवा, बाहेर ठेवली तर अर्ध्या तासात अळ्या दगड होतात.

आता पडद्याकडे बघा. गोल सोनारवर जिग ही एक बारीक हिरवी रेघ असते, तळ हा जाड लाल पट्टा. तळापासून एक नवी रेघ सुटते, आधी हिरवी, मग नारिंगी, मग लाल होत जिगच्या खाली येऊन थांबते. हा मासा. या क्षणी बहुतेकांचा हात जोरात हलू लागतो आणि मासा परत खाली जातो. हात तसाच, बारीक थरथरता ठेवा आणि काठी अगदी सावकाश, चार-सहा इंच वर घ्या. रेघ मागोमाग वर आली तर मासा भुकेला आहे. तो थांबला तर तुम्हीही थांबा. दोन्ही रेघा एकमेकींना चिकटल्या की नजर पडद्यावरून काढून काठीच्या टोकाला लावलेल्या स्प्रिंगच्या तारेवर न्या. ब्लूगिल गरी ओढत नाही, तोंडात पाणी शोषतो आणि त्याबरोबर जिग आत जातो. तार पाव इंच खाली झुकते. कधी उलटंही होतं: जिगच्या वजनाने वाकलेली तार अचानक सरळ होते, कारण माशाने जिग खालून उचलून धरलेला असतो. नवखा माणूस तार खाली जाण्याची वाट बघत राहतो, आणि मासा थुंकून निघून जातो. तार कुठल्याही बाजूला हलली तरी मनगटाने हलकासा झटका द्या. क्रॅपीचं तोंड कागदासारखं पातळ असतं, जोराने ओढलं तर फाटतं.

क्रॅपीची नजर वर असते. म्हणून त्याच्यासाठी जिग माशाच्या एक-दोन फूट वर ठेवायचा, खाली कधीच नाही. तो वर येऊन घेतो.

मासा जवळ येतो, बघतो आणि निघून जातो, असं सारखं होत असेल तर आधी दोरीचा पीळ तपासा. छोट्या रीळवर दोरी पिळली जाते आणि जिग पाण्यात गोल गोल फिरत राहतो. नैसर्गिक खाद्य असं फिरत नाही, आणि ऐन हिवाळ्यातला संशयी ब्लूगिल तेवढ्यावरून नाकारतो. जिग भोकात फूटभर खाली सोडून बघा, फिरत असेल तर स्थिर होईपर्यंत टांगता ठेवा. कायमचा उपाय म्हणजे दोरी सरळ सुटणारं, चाकासारखं इनलाइन रीळ. दुसरी गोष्ट गाठीची. आडवा टांगायचा जिग असेल तर गाठ कड्याच्या मध्यावर हवी. प्रत्येक माशानंतर ती सरकते आणि जिग तिरका लटकतो. बोटाने परत मध्यावर आणायला दोन सेकंद लागतात.

वॉलआयचं गणित वेगळं. त्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, मांजरासारखा, म्हणून अंधुक उजेडात तो छोट्या माशांहून चांगलं बघतो आणि तेव्हाच शिकार करतो. स्वच्छ पाण्याच्या तळ्यांत, उदाहरणार्थ मिल लॅक्समध्ये, सूर्यास्ताआधीचा अर्धा तास आणि नंतरचा एक तास यांत दिवसाचं बहुतेक काम होतं. जानेवारीच्या मध्यात मिनियापोलिसकडे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे साडेतीनच्या आत भोकं पाडून, तंबू लावून शांत बसलेलं असावं. अप्पर रेड लेक आणि लेक ऑफ द वूड्स यांचं पाणी गढूळ तांबूस असतं, तिथे भर दुपारीही वॉलआय लागतो. ऐन हिवाळ्यात तो किनाऱ्याजवळची टोकं सोडून आतल्या उंचवट्यांवर जातो. मिल लॅक्समध्ये पाण्याखाली गाळाची सपाट पठारं आहेत, त्यांच्या कडा पकडायच्या: पठाराचा माथा नाही, खोल पाणीही नाही, दोन्हींमधला उतार.

मिनेसोटात हिवाळ्यात एका माणसाला दोन गऱ्या टाकता येतात (उन्हाळ्यात एकच), आणि वॉलआयसाठी या दोहोंची कामं वेगळी ठेवावीत. एका काठीवर ६ ते ८ पाउंडांची दोरी आणि साडेतीन ते सात ग्रॅमचा धातूचा चमचा (त्या आकाराचं चमकतं आमिष), त्याच्या गरीला फॅटहेड मिनो या छोट्या माशाचं नुसतं डोकं. हा चमचा आधी तळावर दोन-तीनदा आपटायचा, गाळाचा छोटा ढग उठतो आणि दुरून मासा बघायला येतो. मग तो फूटभर उचलायचा, पडू द्यायचा, पाच ते दहा सेकंद स्थिर. लाल रेघ आली की उचलणं बंद, नुसती थरथर. दुसऱ्या काठीवर जिवंत फॅटहेड, पाठीच्या पराखाली हलका टोचलेला, त्याच्या फूटभर वर एक शिसाचा मणी, तळापासून सहा ते बारा इंच वर, आणि पाण्यावर बॉबर, म्हणजे तरंगता फुगा. बॉबर इतका भारलेला असावा की त्याचं टोक पाण्याच्या पातळीला जेमतेम दिसेल. फुगा उंच तरंगत असेल तर ओढणाऱ्या माशाला त्याचा विरोध जाणवतो आणि तो मिनो सोडून देतो. पहिली काठी मासा बोलावते, दुसरी बऱ्याचदा तो घेते. म्हणून दोन्ही भोकं पाच-सहा फुटांच्या आत ठेवा.

बर्फाबद्दल. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे आकडे नव्या, स्वच्छ बर्फासाठी असे आहेत: चालायला ४ इंच, स्नोमोबाइल किंवा लहान एटीव्हीला (खडबडीत वाटेवरची छोटी चारचाकी) ५ ते ७, लहान मोटारीला ९ ते १०. पांढरा, दुधट बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे, कारण तो ओला स्नो गोठून झालेला असतो आणि त्यात हवा असते. ऐन हिवाळ्यात धोका सरासरी जाडीचा नसतो. एका जागी २० इंच आणि शंभर पावलांवर ५ इंच, हेच घात करतं. ओढ्याचं तोंड, दोन तळ्यांमधली चिंचोळी वाट, झरे, धक्क्याभोवती पाणी खेळतं ठेवणारे एरेटर, आणि बर्फ एकमेकांवर चढून झालेले उंच कडे, इथे बर्फ पातळ असतो. जाड स्नो पांघरुणासारखं काम करतो, त्याखाली बर्फ हळू वाढतो. म्हणून लोखंडी टोकाची पहार घेऊन चाला आणि दर काही पावलांवर पुढे आपटा. दोन घावांत पहार आरपार गेली तर आल्या पावली, त्याच वाटेने मागे फिरा. गळ्यात बर्फाचे टोचे, अंगात तरंगणारा सूट किंवा लाइफ जॅकेट. पडलात तर ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, तो बर्फ तुम्हाला मघाशी पेलत होता. टोचे रोवून, पाय पोहल्यासारखे मारत पोटावर वर या आणि उभे न राहता गडगडत दूर जा. पहिल्या मिनिटात फक्त श्वास ताब्यात आणायचा. हातपाय नीट चालतात ती साधारण दहा मिनिटं असतात.

स्लश हे खास जानेवारी-फेब्रुवारीचं दुखणं. ताज्या स्नोच्या वजनाने बर्फ खाली दबतो, फटींतून आणि भोकांतून पाणी वर येऊन स्नोखाली साचतं. स्नोने ते झाकलेलं आणि उबेत राहतं, म्हणून उणे २० अंशांतही गोठत नाही. वरून कोरडं दिसतं, पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत चिखल. स्लेज अडकते, बूट भिजतात, आणि भिजलेला बूट ही तिथे मोठी दुर्घटना आहे. इतरांच्या मळलेल्या वाटेवरूनच जा, तिथे स्नो दबल्यामुळे बर्फ घट्ट असतो. तंबूच्या झालरीवर कोरडा स्नो ओढा, स्लश ओढलात तर संध्याकाळी झालर बर्फात सिमेंटसारखी बसते आणि काढताना फाटते. ट्रक उभा केलेल्या जागी भोकातून पाणी वर येऊन पसरू लागलं तर बर्फ वाकतोय असं समजून ट्रक लगेच हलवा.

तंबूत प्रोपेन हीटर असेल तर वरची आणि खालची अशी दोन्ही झडपं उघडी हवीत, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म डोक्याच्या उंचीला टांगलेला. या वायूला वास नाही. डोकं जड होतंय, मळमळतंय, झोप येतेय असं वाटलं तर आधी बाहेर या, कारण नंतर शोधा. सोनारची लिथियम बॅटरी गोठणाऱ्या तापमानात चार्ज करू नका, ती आतून कायमची खराब होते. घरी आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा.

खोल पाण्यात गरवणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट मनावर घ्यायला हवी. ३० फूट किंवा त्याहून खोलातून वर आणलेल्या क्रॅपी आणि वॉलआयच्या पोटातली हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते. डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर दिसतं. असा मासा भोकात परत सोडला तर तो पोहत गेल्यासारखा दिसेल, पण त्यातले बरेच नंतर मरतात. म्हणजे खोलातून ‘मोठा ठेवू, छोटा सोडू’ असं निवडणं म्हणजे मासे वाया घालवणं. खोलात जायचं तर लागेल तो ठेवायचा, ठरवलेली संख्या भरली की गरी वर. नुसतं पकडून सोडायचं असेल तर २५ फुटांच्या आत राहा. उथळातला मासाही स्नोवर टाकू नका. कडक थंडीत त्याचे डोळे आणि कल्ले काही सेकंदांत गोठू लागतात. ओल्या हाताने धरा, गरी काढा, भोकात सोडा.

ब्लूगिलमध्ये उलटं बघायचं: मोठे सोडा, मधले ठेवा. ८-९ इंचांचा नर उन्हाळ्यात घरटं राखतो. असे नर तळ्यातून गेले की लहान नर लहानपणीच प्रजननाला लागतात, वाढीची ताकद तिकडे खर्च होते, आणि काही वर्षांत सगळं तळं हाताच्या बोटाएवढ्या ब्लूगिलांनी भरतं. साडेसहा-सात इंचांचे दहा मासे एका घराला पुरतात. त्यांचे काटा काढलेले तुकडे हळद, तिखट, मीठ आणि कोकम आगळ लावून, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले की पापलेटची आठवण येते. तुकडे पातळ असतात, एका बाजूला दोन मिनिटं खूप झाली.

परवाना मार्च ते फेब्रुवारी असा चालतो, आणि तळ्यागणिक नियम वेगळे असतात. किती ठेवायचे आणि किती इंचांचे, हे त्या तळ्यासाठी त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघा. मिल लॅक्सचे वॉलआयचे नियम तर वारंवार बदलतात. उरलेले मिनो तळ्यात सोडायचे नाहीत, त्यांच्या डब्यातलं पाणीही निघण्याआधी बर्फावर ओतून टाकायचं.

राज्यातल्या तळ्यांवर वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बंद होतो. पॅनफिश चालू राहतात. मार्चमध्ये ऊन चढतं, स्नो वितळून भोकांतून खाली जातो, त्याच्याबरोबर ऑक्सिजन जातो, बर्फातून पुन्हा उजेड उतरतो. तेव्हा नकाशातला खोलगा सोडा आणि डिसेंबरातल्या गवताच्या कडेला परत जा, ब्लूगिल आणि क्रॅपी तिकडेच निघालेले असतात. फक्त तो बर्फ जाड असला तरी उभ्या सुयांसारखा सुटा होत जातो, मापाचे आकडे त्याला लागू होत नाहीत, आणि सकाळी चालून गेलेल्या किनाऱ्याला दुपारी पाणी सुटलेलं असतं.